निवड एकाची, वाटा साऱ्यांचा

कथा-कादंबऱ्यांतल्या माणसांना शहाणपण शिकविणे फार सोपे असते. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. त्यातले अप्पासाहेब बेलवलकर आपली सारी मिळकत मुलांना वाटून देऊ लागले, की प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाला ओरडून सांगावेसे वाटते, ‘अहो, थांबा! थोडे हाताशी राहू द्या!’ पण एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. त्या घरात देण्याचा निर्णय एकट्या अप्पासाहेबांचा असतो, आणि घर सोडून बाहेर पडण्याची पाळी मात्र कावेरीबाईंवरही येते. निवड एकाने करावी आणि तिचे फळ दुसऱ्याच्याही पानात पडावे, हा संसाराचा जुनाच रिवाज आहे.

मग माझे आयुष्य माझे किती आणि माझ्या घराचे किती? या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे आहेत. जुने उत्तर असे, की घराला जे रुचेल तेच माणसाने करावे. नवे उत्तर असे, की ज्याचे आयुष्य त्याचा निर्णय. इतरांनी त्यात बोलू नये. दोन्ही उत्तरे ऐकायला नीटस आहेत. पण एखादे खरे घर समोर ठेवले की दोन्ही अपुरी पडतात, असे मला वाटते.

त्यागाचीच गोष्ट घ्या. त्यागाविषयी आपल्या मनात इतका आदर असतो, की त्याचा हिशेब मागणे हेच पाप वाटते. देवव्रताने पित्याच्या सुखासाठी राज्य सोडले, आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली आणि तो भीष्म झाला. पुढे सत्यवतीचे दोन्ही पुत्र निपुत्रिक वारले. तेव्हा जिच्यासाठी ही प्रतिज्ञा झाली होती, त्या सत्यवतीनेच ती सोडण्याची विनवणी केली. भीष्म बधला नाही. शाल्वाला मनाने वरलेल्या अंबेला त्याने धाकट्या भावासाठी हरण करून आणले होते. शाल्वाने नाकारल्यावर ती परत आली, तेव्हा तिच्यापुढेही हीच प्रतिज्ञा भिंतीसारखी उभी राहिली. ज्या क्षणी ही प्रतिज्ञा घराच्या उपयोगाची उरली नाही, त्या क्षणी ती कोणाची राहिली? मला वाटते, ती एकट्या भीष्माची राहिली. किंमत मात्र सारे कुरुकुल देत होते.

महाभारत दूरचे वाटत असेल तर आमच्या घरातली गोष्ट सांगतो. माझे आजोबा अकाली गेले, तेव्हा थोरल्या आत्याने शाळेत नोकरी धरली, लग्न केले नाही आणि तिघा भावांना शिकवून मार्गाला लावले. तिला विचारल्यावाचून आमच्या घरात सोयरीक ठरली नाही की जागा घेतली गेली नाही. दिवाळीची पहिली साडी तिची. तरी उतारवयात एकदा ती मला म्हणाली, ‘मला सगळे मान देतात रे, पण माझ्याशी भांडत कोणी नाही.’ त्या वाक्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला. ऋणकरी माणूस सावकाराशी भांडत नाही. भांडण बरोबरीच्या नात्यात होते. वडिलांपाशी हा विषय काढला, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तिने आम्हांला विचारले नाही, आणि आम्हीही तिला विचारले नाही.’ आत्याचा त्याग खोटा नव्हता. भावांचे प्रेमही खोटे नव्हते. मधे फक्त एक न विचारलेला प्रश्न राहून गेला होता, आणि तो चाळीस वर्षे घरात वावरत होता.

आता दोन थोर घरांकडे पाहू. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी आता विधवेशीच विवाह करावा, अशी सुधारकांची अपेक्षा. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली आणि त्याच वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. वडिलांचे मन राहिले. तत्त्व गेले, आणि एका अजाण मुलीचे आयुष्य तिला न विचारता ठरले. पण रानड्यांची गोष्ट तेथे संपत नाही. त्यांनी त्या मुलीला स्वतः शिकवायला घेतले. घरातल्या बायकांना ते खपले नाही. त्यांचे टोमणे रमाबाईंनीच सोसले. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ वाचताना जाणवते, की लग्न एका दिवसात लागले असले तरी ते नाते पुढची पंचवीस-सत्तावीस वर्षे रोज थोडे थोडे घडत होते.

धोंडो केशव कर्व्यांनी नेमके उलट केले. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरुड गावी बहिष्कार पडला, आणि त्याची झळ ज्यांनी हे लग्न ठरविले नव्हते त्या आईला आणि भावाला लागली. पुढे कर्व्यांनी आपले सर्वस्व संस्थेला वाहिले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. पण संसाराची ओढाताण गोदूबाईंच्या, म्हणजे आनंदीबाईंच्या, वाट्याला आली. ती त्यांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात सांगून ठेवली आहे. महर्षींचा पुतळा पाहताना ते पुस्तकही आठवावे. त्याने महर्षी लहान होत नाहीत. किंमत कोणी कोणी दिली एवढेच कळते.

म्हणजे वडिलांचे ऐकले तरी कोणीतरी पोळते आणि न ऐकले तरी पोळते. मग निवड करूच नये काय? याचे उत्तर हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीत आहे. तिच्यातल्या यमूला निवड म्हणून नाहीच. तिचे सारे इतर ठरवितात, आणि सारी किंमत तीच देते. ज्या घरात कोणीच रूढीच्या बाहेर पाऊल टाकीत नाही, ते घर फुकट चालते असे नव्हे. तेथेही मोल द्यावे लागते. फक्त ते सर्वांत दुबळ्या माणसाकडून गुपचूप वसूल केले जाते. म्हणून कर्व्यांच्या आईचे दुःख खरे मानूनही, कर्व्यांनी ते लग्न करायला नको होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या निवडीने एका घराला चटका बसला. त्याआधीच्या न निवडण्याने असंख्य यमू जळत होत्या.

तेव्हा निवड योग्य की अयोग्य हे केवळ घरातले कोणी दुखावले यावरून ठरविता येत नाही. मी दोन साधे प्रश्न विचारून पाहतो. या निर्णयाचा भार ज्याच्यावर पडणार, त्याला मी आधी विचारले, निदान सांगितले का? आणि भार पडल्यावर तो उचलायला मी तेथे उभा राहणार आहे का? विचारले म्हणजे परवानगीच मिळेल असे नाही, आणि नकार मिळाला म्हणून थांबावेच असेही नाही. पण विचारलेल्या माणसाला आपण त्याच्या आयुष्याचा धनी मानलेले असते. न विचारता केलेला उपकारही त्याला पोरका करतो.

लेखकाला एक सोय असते. निर्णयाचा प्रसंग रंगवून त्याला पडदा टाकता येतो. आपला पडदा पडत नाही. निर्णयाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसांबरोबर चहा घ्यावा लागतो. या दिवाळीतही कितीतरी घरांत हे प्रश्न फराळाच्या ताटाभोवती घोटाळत असतील. मुलाला परदेशातच राहायचे आहे, मुलीला लग्न करायचे नाही, आईवडिलांना गावचे घर विकायचे आहे. सगळे जमलेले असताना वाद नको, म्हणून हे विषय बहुधा पुढे ढकलले जातात. मला वाटते, ढकलू नयेत. चकलीचा तुकडा मोडता मोडता एकाने दुसऱ्याला विचारावे, ‘मी असे ठरवितो आहे, तुझ्यावर काय येईल, सांग.’ थोडे भांडण झाले तर होऊ द्यावे. आमच्या आत्याला हयातभर त्याचीच वाण पडली होती.