चुकलेली रेघ

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात लेथवर उतरणारा भाग मायक्रॉनमध्ये मोजला जातो; मापात बसला नाही की भंगारात. तिथे पाळी संपल्यावर कोणी वहीत रोज एक रेखाटन करत असेल, तर त्याला निष्काम कर्म म्हणावे का? गीतेचा आधार घेऊन चटकन हो म्हणता येईल, कारण त्या चित्राला गिऱ्हाईकच नाही. पण हे उत्तर फार स्वस्त झाले. विकायचे नसले तरी हौशी माणसाला चित्र चांगले उतरायला हवेच असते, आणि नवे तंत्र हाताळणे ही तर फळाची उघड ओढ, हा आक्षेप रास्त आहे.

मात्र ओल्या कागदावर शाई सोडून पाहावी: ती किती पसरेल हे निम्मे पाणीच ठरवते. रवींद्रनाथ टागोरांची चित्रकला साठीनंतर बहरली, तीही हस्तलिखितांतल्या खाडाखोडीतून. खोडलेल्या ओळींनाच आकार फुटले. तिथे कौशल्य सुटले नव्हते, सुटला होता तो निकालावरचा हक्क. मग जिथे निकाल मोजूनच घ्यावा लागतो, ते लेथवरचे काम निष्काम कर्माच्या, भक्तीच्या बाहेरचे ठरते का? संत गोरोबा कुंभारांनी चाक सोडले नाही, संत सावता माळ्यांनी मळा. तेव्हा तसे म्हणवत नाही. फरक एवढाच, की लेथवर चुकलेला भाग फेकावा लागतो, आणि वहीत चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी ओढता येते.