करुणेची शिस्त

पहिल्या महायुद्धात आघाडीवरून असे सैनिक परत येऊ लागले, ज्यांच्या अंगावर जखम दिसत नव्हती. कुणाची वाचा गेली होती, कुणाचे पाय लुळे पडले होते, कुणी रोज रात्री किंचाळत उठत होता. चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञाने १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हटलं. लष्करातल्या अनेकांना मात्र तो भित्रेपणा वाटत होता. पलायन, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्यात तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांना माफी मिळाली ती २००६ साली.

या सैनिकांवर इंग्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये जे उपचार झाले, त्यांतली दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

लंडनमधल्या क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात डॉ. लुईस यीलँड विजेचे झटके देत. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी स्वतःच एका चोवीस वर्षांच्या मुक्या सैनिकाची हकिगत लिहिली आहे. खोलीत अंधार केला, दाराला कुलूप घातलं, पूर्वीसारखं बोलल्याशिवाय बाहेर जाता येणार नाही असं त्याला बजावलं आणि घशाला विजेचे झटके द्यायला सुरुवात केली. काही तासांनी तो बोलू लागला. डॉक्टरांच्या वहीत तो रुग्ण बरा झाला.

त्याच सुमारास एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स लष्करी अधिकाऱ्यांवर उपचार करत होते. रिव्हर्स मानववंशशास्त्रज्ञही होते. निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये राहून त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला होता. परक्या माणसाचं जग त्याच्याच तोंडून समजून घ्यायचं, ही सवय त्यांना होती.

त्यांच्याकडे आलेल्या एका अधिकाऱ्याने आपल्या मित्राचं प्रेत पाहिलं होतं. स्फोटाने धड, डोकं, हातपाय सगळं वेगळं झालेलं. तो मित्र रोज स्वप्नात येई, कधी त्याच छिन्नविच्छिन्न अवस्थेत, कधी कुष्ठरोगाने झडलेल्या चेहऱ्याने, आणि जवळजवळ येत राही. घरच्यांनी, डॉक्टरांनी सल्ला दिला होता, तो विषय मनातून काढून टाक. दिवसभर तो तेच करायचा आणि रात्री त्याची किंमत मोजायचा. रिव्हर्सनी त्याला ते दृश्य टाळू दिलं नाही, पण त्या दृश्यातली एक गोष्ट त्याच्या नजरेला आणून दिली. शरीराची अशी अवस्था झाली, याचाच अर्थ मित्राला मरण क्षणात आलं, तो तडफडला नाही. अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. पुढे त्याला स्वप्न पडलं ते असं, की तो मित्राच्या देहाशी गुडघे टेकून बसला आहे आणि घरच्यांना पाठवण्यासाठी त्याच्या अंगावरच्या वस्तू काढून घेतो आहे. जाग आल्यावर दुःख होतं. दहशत उरली नव्हती.

या प्रसंगात मला करुणेचं खरं रूप दिसतं. रिव्हर्सनी त्याला खोटा दिलासा दिला नाही. जे घडलं होतं त्यातच आधाराला पुरेल असं सत्य त्यांनी शोधलं, आणि ते शोधण्यासाठी त्या भयंकर दृश्याकडे रुग्णाबरोबर स्वतःही पाहिलं. कळवळा आपल्याला नजर वळवायला लावतो, करुणा तिथे टिकून राहते.

दुसऱ्या एका रुग्णाबाबत मात्र रिव्हर्सना काहीच सापडलं नाही. स्फोटाच्या धक्क्याने तो अधिकारी एका कुजलेल्या जर्मन सैनिकाच्या प्रेतावर तोंडघशी पडला होता आणि फुगलेलं पोट फुटून त्याचं तोंड भरलं होतं. या आठवणीत सुसह्य म्हणावं असं काहीच नाही, हे रिव्हर्सनी लिहून ठेवलं. ‘बोलून मोकळा हो’ असा आग्रह त्यांनी धरला नाही. सैन्य सोडून जिथे त्याला थोडा आराम पडत होता, त्या खेड्यातल्या जीवनाकडे त्याला जाऊ दिलं. आपली पद्धत इथे लागू पडणार नाही हे रुग्णाच्या हितासाठी कबूल करणं, हाही करुणेचाच भाग आहे.

हा धडा मानसोपचाराला पुढे पुन्हा शिकावा लागला. १९८० च्या दशकापासून आपत्तीनंतर लोकांना लगेच एकत्र बसवून घडलेलं सगळं सविस्तर बोलायला लावण्याची पद्धत जगभर पसरली. हेतू चांगलाच होता. पण अशा एका बैठकीने पुढचा मानसिक आजार टळत नाही, उलट काहींना त्रास होऊ शकतो, असं अभ्यासांची छाननी केल्यावर दिसून आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत भर आहे तो तीन गोष्टींवर : परिस्थिती पाहा, ऐका, आणि योग्य मदतीशी जोडून द्या. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलतं करू नका, पण जवळ राहा. आपल्याकडे घरात आघात झाला की ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणणारे असतात, तसेच ‘रड, एकदाचं रडून घे’ म्हणणारेही असतात. दोघांचाही जीव तुटत असतो. पण वेग ठरवण्याचा हक्क ज्याच्यावर बेतलं आहे त्याचा, हे दोघेही विसरतात.

आघात झालेल्या माणसाला बाहेरच्या आवाजापेक्षा आतला आवाज जास्त छळतो. ‘मी तिथे गेलेच नसते तर’, ‘मी वाचलो आणि तो गेला’. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांच्या लक्षात आलं, की अनेक रुग्णांना आपला दोष नव्हता हे बुद्धीला पटतं, पण तो विचारही ते स्वतःला ज्या स्वरात ऐकवतात तो कोरडा, तुटक, कधी तिरस्काराचा असतो. त्यामुळे पटूनही बरं वाटत नाही. त्यांनी उभारलेल्या करुणाकेंद्री उपचारपद्धतीत रुग्णाला स्वतःशी मायेच्या स्वरात बोलायला शिकवलं जातं, श्वासापासून, आवाजाच्या पट्टीपासून. लहानपणी ज्यांना माया मिळालीच नाही, त्यांना सुरुवातीला या मायेचीच भीती वाटते. म्हणून तिथेही घाई चालत नाही.

समुपदेशकाचं काय? दिवसभर इतरांचं दुःख ऐकून तो आटणार नाही का? संशोधक तान्या सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत एक उपयोगी फरक दिसला. दुसऱ्याचं दुःख आपलंच मानून भोगण्याचा सराव केलेल्यांची मनःस्थिती खालावली. त्याच लोकांनी पुढे दुसऱ्याचं भलं व्हावं या भावनेचा सराव केला, तेव्हा ती सावरली. म्हणजे बुडणाऱ्याबरोबर बुडणं ही करुणेची खूण नाही. तरीही माणसाला विश्रांती लागते, सहकाऱ्यांचा आधार लागतो, केसेसचा भार आटोक्यात असावा लागतो. हे न देता एखाद्या संस्थेने समुपदेशकांकडे नुसती करुणा मागितली, तर तो अन्याय आहे.

आणि इथे पुन्हा रिव्हर्सकडे यावं लागतं, कारण सर्वांत अवघड प्रश्न त्यांच्यापुढेच उभा होता. १९१७ साली कवी सिगफ्रीड ससून क्रेगलॉकहार्टमध्ये दाखल झाला. ज्यांचं नाव पुण्याच्या ससून रुग्णालयाला आहे, त्या डेव्हिड ससून यांचा हा पणतू. युद्ध जाणूनबुजून लांबवलं जात आहे, असं जाहीर निवेदन त्याने केलं होतं आणि लष्कराने त्याच्यावर खटला भरण्याऐवजी त्याला रुग्ण ठरवलं होतं. रिव्हर्सना तो आवडला, त्यालाही रिव्हर्स वडिलांसारखे वाटले. पण रिव्हर्स लष्कराचे डॉक्टर होते. माणसं बरी करायची ती पुन्हा खंदकात पाठवण्यासाठी. आपल्याला या रुग्णाचं म्हणणं पटलं तर आपलं काय होईल, ही चिंता रिव्हर्सच्या स्वतःच्या एका स्वप्नात उतरली आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवली. ससून त्या वर्षअखेरीस स्वेच्छेने सैन्यात परतला.

पद्धतीच्या दृष्टीने यीलँड आणि रिव्हर्स दोन टोकांना होते. पण दोघांच्याही दाराबाहेर लष्कर उभं होतं. म्हणून उपचार हळुवार आहे का, एवढंच विचारून भागत नाही. हा माणूस कोणासाठी बरा व्हायचा आहे, हेही विचारावं लागतं. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला गोड शब्दांत ‘तडजोड कर’ म्हणून परत पाठवणारं समुपदेशन हळुवार असतं, पण ते तिच्यासाठी नसतं, घराच्या अब्रूसाठी असतं. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेतच प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसू लागली, बाईचं म्हणणं ऐकून घेणं आणि हिंसा थांबवणं हे एकच काम झालं. हे मॉडेल पुढे राज्यभर गेलं. तिथे ऐकणाऱ्या माणसाच्या हातात कायद्याचं बळही आहे.

मला करुणेचा अर्थ असा समजतो : समोरच्याचं दुःख न घाबरता पाहणं, त्याच्या वेगाने चालणं, आपली मर्यादा मान्य करणं, आणि ज्या परिस्थितीने त्याला मोडलं तिच्याच स्वाधीन त्याला पुन्हा करायला नकार देणं. पहिल्या तीन गोष्टी प्रशिक्षणाने येतात. चौथीला धैर्य लागतं, आणि ते एकट्या समुपदेशकाकडून मागण्याऐवजी कायद्याने, संस्थेने आणि आपण सर्वांनी त्याच्या पाठीशी उभं राहून पुरवायला हवं.