गाढवाची वाट आणि खराट्याच्या काड्या

मिहानमधले रस्ते रुंद आणि काटकोनात वळणारे, परंतु खापरीच्या मेट्रो स्थानकावरून पायी येणाऱ्यांनी एका मोकळ्या भूखंडाचा कोपरा छाटून जी तिरपी वहिवाट पाडली आहे, तिच्या तोंडाशी उभा राहून माझा तरुण अभियंता स्नेही म्हणाला, "काका, त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या, हे गाढवालाही कळतं, त्याला सिद्धांत कशाला हवा?"

त्या बिचाऱ्यास ठाऊक नव्हते की युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील विसाव्या सिद्धांतावर एपिक्युरसच्या अनुयायांनी हाच आक्षेप, गाढवासकट, घेतला होता: गवत एका टोकास ठेवा, उपाशी गाढव दोन बाजूंचा फेरा घालणार नाही. पाचव्या शतकातील प्रोक्लसने उत्तर दिले की गोष्ट खरी असल्याचे दिसणे निराळे आणि ती का खरी हे जाणणे निराळे. प्रतीती आणि उपपत्ती यांतला हा भेद माझ्या फार आवडीचा. त्याच्याच बळावर स्नेह्यास निरुत्तर करण्याचा माझा बेत होता.

तो फसला 'लीलावती'मुळे. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावनजीक पाटण्यास मठ काढला, ते भास्कराचार्य 1150 सालच्या या ग्रंथात बजावतात की 3, 6 आणि 9 अशा भुजांचा त्रिकोण कोणी धृष्टाने सांगितला, तर ते 'अक्षेत्र' समजावे. आणि पटवावे कसे, तर त्या मापाच्या सरळ काड्या मांडून. मी अंगणात खराट्याच्या काड्या बोटांनी मोजून मांडल्या: तीन बोटांची आणि सहा बोटांची, दोन्ही नऊ बोटांच्या काडीवर निमूट आडव्या झाल्या, मध्ये मुंगी शिरेल एवढीही फट उरली नाही.

म्हणजे आचार्यांनीही येथे उपपत्ती दिली नाही, काड्या दिल्या. हा पुरावा गाढवाच्या पक्षाचा! मात्र आचार्यांचा रोख धृष्टावर आहे, हे माझ्या उशिरा ध्यानी आले. 3, 6, 9 ही चूक कोणतेही गाढव करीत नाही. तिच्यासाठी कागद लागतो, आकडा लागतो, जमिनीवर पाऊल न ठेवता दप्तरात क्षेत्र बंद करणारा शहाणा लागतो. सिद्धांत गाढवासाठी नव्हताच. तो या शहाण्यासाठी होता, आणि त्या शहाण्यांत मीही आलो.

परतताना मी दोन्ही वाटा मोजल्या. रस्त्याने 580 पावले, पाऊलवाटेने 415. मध्ये एका बाभळीला वळसा घालावा लागतो.