मूलद्रव्य, संयुग आणि आमचा दूधवाला

जगातल्या यच्चयावत पदार्थांची तीन खात्यांत वाटणी करून मोकळे होण्याचे धाडस फक्त शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकालाच जमते. मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण. सोने, लोखंड, गंधक ही मूलद्रव्ये. अशी एकूण ११८. दोन किंवा अधिक मूलद्रव्ये ठरलेल्या प्रमाणात एकजीव झाली की संयुग. पाण्यात वजनाने एक भाग हायड्रोजन, तर आठ भाग ऑक्सिजन. मग ते पाणी आमच्या विहिरीचे असो की लंडनच्या नळाचे. आणि कुणीही कितीही कशात कालवले, तर ते मिश्रण.

मिश्रण ओळखायचे कसे, तर लोखंडाचा कीस आणि गंधक एकत्र करा आणि लोहचुंबक फिरवा. कीस चुंबकाला चिकटतो, गंधक मागे राहते. तेच दोन्ही एकत्र तापवले, की जे संयुग होते त्यापुढे चुंबकाने हात टेकलेच म्हणून समजा. आमच्याकडची एकत्र कुटुंबे बाहेरून पाहणाऱ्याला संयुगे वाटतात. एकदा त्यांच्यावरून सातबाऱ्याचा उतारा फिरवून पाहावा! कोण कुणाला किती चिकटले होते, ते पाच मिनिटांत कळते.

पण या धड्यात एक शब्द कुठेच सापडत नाही. तो म्हणजे भेसळ. रसायनशास्त्राला भेसळ ठाऊकच नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून समुद्राने पाण्यात भेसळ केली, असे कुणी म्हणत नाही. उलट त्याच पाण्याच्या मिठासाठी १९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर माणसांनी सत्याग्रह केला. मालवणी मसाला घ्या. धणे, मिरच्या, लवंग, दालचिनी, बडीशेप... जितके जिन्नस जास्त, तितकी करणारीची मान ताठ. मग दुधात पाणी मिसळले, की तेवढाच गुन्हा का?

आमच्याकडे दूध घालणाऱ्या गृहस्थांपुढे हा प्रश्न दर आषाढात येतो. आमची ही पातेल्यात डोकावते आणि विचारते, "ह्यात पाणी किती घातलात?" ते आभाळाकडे बोट दाखवतात. "वैनी, मिया खंय घातलंय? पावसान घातल्यान!"

खरे तर त्यांना याहून चांगला वकील मिळाला असता. गाईच्या दुधात मुळातच शंभरात सुमारे ८७ भाग पाणी असते. म्हणजे ८७ भाग देवाने घातले तर ते दूध, आणि वर आणखी दहा भाग माणसाने घातले तर ती भेसळ! हा कुठला न्याय?

न्याय आहे. तेच गृहस्थ दारात म्हणाले असते, "वैनी, आज अर्धा पाणी आसा, पैसे अर्धेच द्या," तर तक्रारीला जागाच नव्हती. पातेल्यातला ऐवज तोच राहिला असता. म्हणजे भेसळ पातेल्यात होतच नाही. ती तोंडात होते. सोनार बावीस कॅरटच्या बांगडीत चोवीस भागांतले दोन भाग दुसरा धातू घालतो आणि वर ९१६ चा शिक्का मारून देतो. त्याला कुणी चोर म्हणत नाही. मिसळणे हे पाप नव्हे. मिश्रणावर मूलद्रव्याची चिठ्ठी चिकटवणे हे पाप.

इथवर सोपे होते. पण हा चुंबक आपल्याच अभिमानावरून फिरवायची पाळी आली, की हात जड होतो. ‘अस्सल मालवणी’ मसाल्यातली मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आलेली. ते एक वेळ चालेल. मिरची बाहेरची असली तरी हात इथले आहेत. पण आमच्या जिल्ह्याच्या अभिमानात चक्क एक मूलद्रव्यच आहे. हेलियम!

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर साहेबाने याच ओट्यांवरून हेलियम शोधला, असे सांगतात. त्या तारखेला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. ऐकताना छाती फुगते; हेलियम भरल्यासारखी.

आता चुंबक फिरवू. ग्रहणाची सावली विजयदुर्गावरून गेली, हे खरे. त्या दिवशी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता, हेही खरे. सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्या दिवशी एक पिवळी रेघ दिसली आणि पाहणाऱ्यांना ती सोडियमची, म्हणजे आपल्या मिठातल्या धातूची वाटली. लॉकियर मात्र तेव्हा विलायतेत होता. हिंदुस्थानात तो आला १८७१ च्या ग्रहणाला, आणि तेही केरळात बेकलला.

माझ्या एका शिक्षक मित्राला दरवर्षी मुले घेऊन किल्ल्यावर जावे लागते. तो म्हणाला, "खरं सांगितलं तर पोरांचा हिरमोड होतो. खोटं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी मिश्रणाचा धडा कुठल्या तोंडाने शिकवू?" मी म्हटले, "पाणी किती घातलंय ते सांगून दूध घाल."

त्याने तसे केले. मुले जरा वेळ गप्प बसली. मग मागच्या ओट्यावरून एकाने विचारले, "सर, सायब विलायतेक होतो, तर तेका ग्रहण कसा दिसला?"

दिसले नव्हतेच. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, भर उन्हात त्याने सूर्याच्या कडेच्या ज्वाळा वर्णपटात पकडल्या आणि ती पिवळी रेघ सोडियमच्या जागी नाही, हे ताडले. पृथ्वीवर तो वायू विल्यम रॅम्झेला सापडायला १८९५ साल उजाडले. हे सगळे सांगेपर्यंत परतीच्या एसटीची वेळ झाली होती आणि पोरे काही ओट्यावरून उठायला तयार नव्हती.

आजवर त्या ओट्यांवर बसून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारणार कसा? आम्ही दूध पातळ करून घालत होतो ना!