तीन तासांचा न्याय

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकावर सगळे एका पायरीवर येतात. कानातलं काढा, घड्याळ बाहेर ठेवा, पेनसुद्धा केंद्राचंच. आत 180 मिनिटांत 180 प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. अहमदपूरच्या मुलीला आणि पुण्याच्या मुलाला तोच पेपर, हवा तर मराठीतही. एवढ्यावरून या परीक्षेला न्याय्य म्हणणाऱ्यांनी सांगावं, न्याय फक्त या तीन तासांचाच मोजायचा का?

ही परीक्षा मोडीत काढा, असं मी म्हणणार नाही. 2016 साली ती सक्तीची झाली, त्याआधी खाजगी मेडिकल कॉलेजं आपापली सीईटी घेत आणि डोनेशनचे आकडे दबक्या आवाजात फिरत. बारावीच्या गुणांवर प्रवेश द्यायचे म्हटलं, तर प्रॅक्टिकलचे गुण आपल्याकडे कसे वाटले जातात ते घरोघरी ठाऊक आहे. 2024 चा पेपरफुटीचा गोंधळही मी बाजूला ठेवतो. चोरी पकडता येते. मला बोलायचंय ते राजरोस चालतं त्याबद्दल.

क्लासमध्ये काय विकत मिळतं ते पाहा. विषय कळणं हा त्यातला एक भाग. बाकी सगळा सराव. जीवशास्त्राचे 90 प्रश्न पाऊण तासात उरका, गणितं पूर्ण न सोडवता पर्यायांतले चुकीचे खोडा, गोळे कधी भरायचे, कोणता प्रश्न सोडायचा. दर आठवड्याला टेस्ट, तिचा रँक भिंतीवर. ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे क्लास-कॉलेजच्या हातमिळवणीच्या नावाखाली कॉलेजची हजेरी कागदावर लागते, कारण नीटला बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते. 2018 मध्ये राज्य सरकारने बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तरी हा धंदा थांबला नाही.

त्याहून मोठा अन्याय रिपीटर बॅचमध्ये आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्सला दोनच संधी मिळतात. नीटला कितीही. ज्याचा बाप दोन वर्षं खोलीभाडं, मेस आणि फी भरू शकतो, त्याचं पोर तिसऱ्यांदा बसतं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला पहिल्या निकालानंतर नर्सिंगचा फॉर्म नाहीतर स्थळ. निकालाच्या यादीत मात्र दोघांच्या गुणांना एकच नाव, मेरिट.

परीक्षेकडून कधीकाळी वेगळी अपेक्षा होती. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. घरी अभ्यास करणाऱ्यांना मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षेला बसू दिलं, याचं त्यांनी त्यात स्वागत केलं आणि वरच्या पदव्यांनाही हीच सवलत मागितली. ज्याला कॉलेजची पायरी परवडत नाही त्याच्यासाठी परीक्षा हे दार होतं. त्या दारापुढे आपण क्लासचा टोलनाका बसू दिला.

यावर उपाय म्हणून तमिळनाडूने 2020 मध्ये सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्या, नीट उत्तीर्ण मुलांसाठी राज्यातल्या वैद्यकीय प्रवेशांत साडेसात टक्के जागा ठेवल्या. आधी अशी मुलं बोटांवर मोजण्याइतकी लागत, पहिल्याच वर्षी ती शेकड्यांत गेली. आपल्याला तो नियम जसाच्या तसा उचलता येणार नाही. इथे जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत सातवी-आठवीपर्यंत, पुढे अनुदानित खाजगी. म्हणून पहिली ते सातवी जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा आश्रमशाळा हा निकष लावावा. नीटच्या संधींवर मर्यादा घालणं दिल्लीच्या हातात आहे, पण ती मागणी राज्याने करायला काय हरकत?

ज्यांची मुलं लागली आहेत, पेढे वाटून झाले आहेत, त्या पालकांनी ही मागणी आधी करावी. मंत्रालयात ऐकलं जातं ते त्यांचंच.