प्लास्टिकची वीट आणि गाडगेबाबांचा खराटा

रिकाम्या पाण्याच्या बाटलीत बिस्किटांची, वेफर्सची, शाम्पूची धुऊन वाळवलेली वेष्टने काठीने ठासून भरली की तिची टणक वीट होते. एक लिटरच्या बाटलीत किमान 330 ग्रॅम प्लास्टिक भरावे लागते. कमी भरल्यास ती दबते. अशा बाटल्या चिखलात वा सिमेंटात रचून ओटा, बाक किंवा कुंपणाची बुटकी भिंत बांधता येते. ऊन आणि आगीपासून बचावासाठी तिला लिंपण मात्र हवेच.

टाकलेली वस्तू अपवित्र असते का, हा यामागचा धर्माचा प्रश्न. वऱ्हाडात त्याचे उत्तर संत गाडगेबाबांच्या (1876–1956) आचरणात सापडते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात वाढलेले बाबा चिंध्यांचे कपडे घालत, फुटक्या मडक्याच्या खापरात जेवत. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. देणग्यांतून त्यांनी मंदिरे नव्हे, धर्मशाळा उभारल्या. कचऱ्याला हात लावणारा हलका, ही जातीने शिकवलेली समजूत (खरे तर सोय) त्यांच्या खराट्याने मोडीत काढली.

पण बाबांची मालमत्ता त्या खापरापुरतीच होती. विटेच्या कौतुकात अपरिग्रहाची ही बाजू सहज निसटते. बाटली भरायची म्हणून आणखी पुडे विकत घेणे म्हणजे प्रायश्चित्तासाठी नवे पाप करणे. महाराष्ट्राने 2018 मध्ये एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. क्रमाने प्लास्टिक टाळण्याची ही पायरी विटेच्या आधी येते. भिंत पाडल्यावर आतले प्लास्टिक जसेच्या तसे बाहेर येते आणि ते पुन्हा कोणाला तरी उचलावे लागते.