नियत कर्म आणि वॉर्डातील नोंद

रुग्णाची प्रकृती ढासळू लागल्याचे वेळीच कळावे म्हणून ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘न्यूज’ ही गुणपद्धत आखली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वसनाचा वेग, रक्तातील ऑक्सिजन, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना प्रत्येकी ० ते ३ गुण मिळतात. रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी २. बेरीज ५ झाली की डॉक्टरांना तातडीने कळवायचे, ७ झाली की सतत देखरेख. बेरीज शून्य असली तरी किमान दर १२ तासांनी नोंद घ्यावीच लागते.

प्रत्यक्षात रात्रीच्या नोंदी सुटतात. श्वास मोजायला घड्याळ पाहत खाटेशी मिनिटभर उभे राहावे लागते, म्हणून कित्येकदा न मोजताच १८ किंवा २० लिहिले जाते. प्रकृती बिघडताना सर्वांत आधी बदलणाऱ्या गोष्टींत श्वास असतो, हे ध्यानात घेतले की या सवयीचा धोका कळतो.

बहुतेक नोंदींतून वेगळे काहीच निघत नाही. ज्या कामाचे फळ सहसा दिसतच नाही, ते दर वेळी मन लावून का करावे? गीतेच्या अठराव्या अध्यायात याला थेट भिडणारा विचार आहे. नियत कर्म मोहाने सोडणे हा तामस त्याग, शरीराला कष्ट होतील या भीतीने सोडणे हा राजस; कर्तव्य म्हणून कर्म करून आसक्ती आणि फळ सोडणे हा सात्त्विक. ‘रुग्ण बरा दिसतो’ हा मोह आणि रात्रपाळीचा थकवा हे कष्ट, दोन्ही वॉर्डात रोजचे आहेत. फळ सोडणे म्हणजे बेपर्वाई मात्र नाही: वाढलेला स्कोअर पाहूनही डॉक्टरांना न बोलावणारा निष्काम ठरत नाही.

हाच अध्याय कर्माची पाच कारणे सांगतो आणि केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याची दृष्टी अपुरी ठरवतो. हे फार महत्त्वाचे आहे, कारण कर्तव्याचा उपदेश नेहमी सर्वांत थकलेल्या माणसालाच केला जातो. एका परिचारिकेला झेपणार नाहीत इतक्या खाटा सोपवल्या असतील, तर सुटलेल्या नोंदीचा पहिला जाब पाळी लावणाऱ्या प्रशासनाने द्यायला हवा. न मोजता लिहिलेल्या आकड्याला मात्र ही सबब लागू होत नाही. वेळ मिळाला नसेल, तर रकाना रिकामाच ठेवला पाहिजे.